कलिंगडाच्या बिया गोव्याच्या हवेत कशा वाळवाव्यात, भाजाव्यात आणि खाव्यात

म्हापशाहून एका ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं: घरात कलिंगड भरपूर खाल्लं जातं आणि बिया टाकवत नाहीत. दोनदा धुऊन तव्यावर भाजून पाहिल्या. पहिल्या वेळी बाहेरून करपल्या आणि आतून चामट राहिल्या. दुसऱ्या वेळी बऱ्या झाल्या, पण पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत डब्याला कुबट वास आला. सासूबाईंचं म्हणणं, बिया पोटात गेल्या की पोट धरतं, सहा वर्षांच्या नातवाला तर देऊच नका. तेव्हा भाजायच्या कशा, टिकवायच्या कशा, टरफलासकट खायच्या की सोलून?

ताई, तुमच्या दोन्ही खेपांत मुख्य चूक एकच झाली, आणि ती तव्यावर झालेली नाही. बी ओली होती. मी पेडण्यात 22 वर्षं पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, माल करते: सोलं (आमसुलं), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आंब्याची साठं, सांडगे, मिरच्या. कलिंगडाच्या बियांकडे बरीच उशिरा वळले आणि तुमच्यासारखीच आधी भाजण्यावर डोकं खपवत बसले. भाजणं वीस मिनिटांचं काम आहे. वाळवायला चार दिवस जातात, आणि आपल्या हवेत तिथेच सगळं ठरतं.

सुरुवात फळापासून करते. बी खायची असेल तर फळ पुरतं पिकलेलं हवं, बी काळी किंवा गडद तपकिरी, टणक आणि मधोमध जराशी फुगीर. पांढऱ्या पापुद्र्यासारख्या असतात त्या कच्च्या, त्यांत गरच नसतो. ‘सीडलेस’ म्हणून येणाऱ्या फळात फक्त तसलेच पापुद्रे असतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. बाजारातली लहान, गोल, काळपट हिरवी फळं चवीला उत्तम, पण बी बारीक. फोडायला वेळ लागतो आणि हाती येतं तिळाएवढं. लांबट, मोठी, पट्ट्यांची फळं मिळाली तर त्यांची बी घ्या. माझा अंदाज असा की चार-पाच किलोच्या एका फळातून वाळलेली बी मूठभर निघते, आणि ती सोलली तर गर जेमतेम अर्धी मूठ. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर आत्ताच थांबा आणि वाण्याकडून मगज, म्हणजे सोललेली बी, आणा. त्याचं पुढे सांगते.

काढायची पद्धत. पाहुण्यांसमोर वाटीत थुंकून जमवलेल्या बिया घरच्यापुरत्या चालतील, पुढे उकळायच्याच आहेत. पण कुणाला द्यायच्या असतील तर सुरीने काढा. फळाची उभी फोड केली की बिया कुठेही विखुरलेल्या नसतात, मधल्या गाभ्याच्या बाजूने एका ओळीत बसलेल्या असतात. त्या ओळीवरूनच सुरी फिरवायची. गाभा अख्खा सुटून येतो आणि बियांची रांग उघडी पडते. मग चमच्याच्या पाठीने ओढून घ्यायच्या. सरबतवाल्याकडून बिया आणायची कल्पना मलाही सुचली होती. त्याच्या मिक्सरमधून गेलेल्या बियांना चिरा पडतात, आणि चीर पडलेली बी आधी आंबते आणि मग सडते. त्याला आधी सांगून हाताने काढून ठेवायला लावलं तरच उपयोग.

धुताना नुसतं पाणी ओतून भागत नाही. बीवर बुळबुळीत साखरेचा थर असतो. तो राहिला की वाळवणाला मुंग्या लागतात, आणि तव्यावर आधी तोच करपतो. तुमच्या पहिल्या खेपेला बाहेरून काळं पडलं ते बहुतेक यामुळेच. चाळणीत घेऊन मूठभर जाड मीठ टाका आणि तांदूळ चोळतो तसं दोन्ही तळव्यांत चोळा. तीन पाणी तरी लागतात. शेवटच्या पाण्यात पाच मिनिटं तशाच ठेवा. तरंगतात त्या पोकळ, फेकून द्या. बोटांत बी फिरवली की निसटायला नको, किंचित खरखरीत लागायला हवी.

आता वाळवण. आपल्याकडे ऊन कडक पडतं म्हणून माणूस फसतो. एप्रिलच्या दुपारी अंगणात पाय ठेववत नाही, पण किनाऱ्यालगत हवेत ओल असतेच आणि पहाटे दव पडतं. बी बाहेरून दोन तासांत खडखडीत होते, टरफलाआड गर मात्र ओलाच राहतो. सुपात किंवा चटईवर एकेरी थर पसरा, वरून पातळ मलमलचं कापड बांधा. दुपारी एकदा हाताने वरखाली करा. ऊन उतरायच्या आत, साधारण पाचला, सूप घरात घ्या. रात्री बाहेर राहिलेली बी सकाळपर्यंत दिवसभराची कमाई गमावते. स्लॅबवर प्लास्टिक अंथरून वाळवू नका, खालून घाम धरतं.

वाळली की नाही हे हाताला कळत नाही, म्हणून मी वजनाचा काटा वापरते. रोज संध्याकाळी सूप आत आणल्यावर तेवढाच माल तोलायचा. धुऊन निथळलेली 200 ग्रॅम बी माझ्याकडे शेवटी 110-115 ग्रॅमवर येऊन थांबते. सलग दोन दिवस वजन हललं नाही की झालं. काटा नसेल तर एक बी उभी धरून बोटांनी मोडा. वाकली तर ओली, ‘कट्’ करून तुटली तर वाळली. गर नखाने दाबून बघा, नखाचा ठसा उमटता कामा नये.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. एका वर्षी मेच्या शेवटी मी पाचेक किलो बी घाईघाईने भाजून, मीठ लावून, शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं केली आणि मडगावच्या एका दुकानात दिली. आकाश भरून आलं होतं, शेवटचे दोन दिवस ऊन मिळालंच नव्हतं. जुलैत बोलावणं आलं. दुकानदाराने एक पाकीट माझ्यासमोर कापलं आणि काही न बोलता पुढे केलं. बिया एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये कापसासारखे करडे तंतू. सगळा माल परत घेतला आणि शेणखतात टाकला. तुम्हीही कुबट वासाचा डबा ‘परत भाजून घेऊ’ म्हणून वाचवायला जाऊ नका. तेलबियांवर वाढणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, आणि ते घरच्या भाजण्याने पुरतं जात नाही.

त्या पाकिटांत दुसरीही चूक होती, ती मला वर्षभराने उमगली. मीठ. आपलं आगरातलं मीठ, आगरवाड्याचं म्हणा की आणखी कुठलं, पावसाळ्यात बरणीत पाझरतं हे प्रत्येक घराला माहीत आहे. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात. तेच मीठ बीला लावून जूनमध्ये डब्यात भरलं म्हणजे पाणी ओढायला माणूस बसवल्यासारखंच झालं. म्हणून आता नियम: साठवायची ती बी बिनमिठाची, नुसती वाळवलेली, न भाजलेली. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत काठोकाठ भरायची, म्हणजे आत हवा कमी राहते. गणपतीपर्यंत माझी बी अशी बिनतक्रार राहते. खायची तेव्हा वाटीभर काढायची, खारवायची, भाजायची आणि आठ दिवसांत संपवायची.

खारवणं म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळणं. वरून भुरभुरवलेलं मीठ टरफलावरच राहतं. ते ओठांना लागतं, गराला नाही. एक वाटी बी, दोन वाट्या पाणी, दोन चहाचे चमचे मीठ. मध्यम आचेवर पंधरा मिनिटं उकळा, गॅस बंद करा आणि त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या. सकाळी निथळून पुन्हा एक पूर्ण दिवस ऊन दाखवा. हा दिवस गाळायचा मोह सगळ्यांना होतो. ओली बी तव्यावर टाकली की वाफ आतच कोंडते, गर शिजतो, आणि शिजलेला गर चामट होतो.

माझी आवडती तऱ्हा आगळातली. वरच्याच प्रमाणात मीठ एक चमच्यावर आणायचं, कारण आगळात आधीच मीठ असतं. त्यात तीन चमचे आगळ आणि तिरफळाची दोन-तीन फळं, आतली काळी बी काढून. भांडं स्टीलचंच घ्या, आंबटामुळे ॲल्युमिनियम नको. बी किंचित लालसर होते, आणि फोडताना आधी आंबट, मग खारट, आणि अगदी शेवटी तिरफळाची बारीकशी झिणझिण जिभेवर येते. तिखट हवं तर मिरची पाण्यात उकळू नका, सगळं घर खोकत सुटेल. भाजून उतरवताना खोला गावच्या मिरचीची पूड चार थेंब खोबरेल तेलात कालवून चोळा.

भाजायला जाड बुडाची लोखंडी कढई किंवा मातीचं खापर घ्या. पातळ नॉनस्टिक तवा नको, तो एकाच जागी तापतो. जत्रेत चणेवाला वाळूत भाजतो, तसं मी जाड मिठात भाजते. कढईत दोन वाट्या मीठ आधी चांगलं तापवायचं, त्यात बी टाकायची आणि आच बारीक करून उलथन्याने सतत हलवत राहायचं. मीठ बीला चारही बाजूंनी सारखी धग देतं. दहाव्या-बाराव्या मिनिटाला तडतड सुरू होते. तेव्हा एक बी काढून गार करा, मग फोडा. गरम असताना फोडलेली प्रत्येक बी मऊच लागते, म्हणून माणूस आणखी भाजत राहतो आणि कडू करून ठेवतो. गर पांढऱ्याचा हलका बदामी झाला की उतरवा, लगेच चाळणीने मीठ वेगळं करा आणि बी परातीत पसरा. कढईत राहू दिली तर ती आपल्या आपण भाजत राहते. ते मीठ पुढच्या खेपेला चालतं. ओव्हन असेल तर 160 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं, मध्ये दोनदा हलवून.

आता टरफलाचं, कारण सासूबाईंचा मुद्दा तिथेच आहे आणि तो अर्धा बरोबर आहे. फळ खाताना दोन-चार बिया गिळल्या गेल्या तर काही होत नाही, जशा गेल्या तशा बाहेर पडतात. पोटात वेल येतो ही भीती लहानपणी आम्हालाही घातली जायची. पण भाजलेल्या बिया टरफलासकट मुठी-मुठीने चावून गिळल्या तर ते लाकडासारखं टरफल पचत नाही. त्याचा गोळा होऊन शेवटी मलाशयात अडकू शकतो. मुलांमध्ये असे प्रकार डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत, कलिंगडाच्या बियांचे आणि सूर्यफुलाच्याही. तेव्हा खारवलेली बी फोडून खायची आणि टरफल वाटीत टाकायचं. अगदी कोवळी, पातळ टरफलाची असेल तर भाजून पूड करून पोळीच्या पिठात थोडी घालतात. मला ती खरखर आवडत नाही.

फोडायची हातोटी आहे. बीचं एक टोक निमुळतं असतं, तिथून कडेने एक बारीक शिवण जाते. बी उभी धरून ती कड पुढच्या दातांत ठेवायची आणि हलकेच दाबायचं. शिवण उकलली की दोन पाळी तिसऱ्यांच्या शिंपल्यांसारख्या उघडतात. गर जिभेने ओढून घ्यायचा. सपाट बाजूने चावलात तर टरफल आणि गर यांचा चुरा तोंडात. चीनमध्ये नव्या वर्षाला घरोघरी अशा बियांच्या बश्या ठेवतात, आणि वर्षानुवर्षं एकाच दाताने बिया फोडणाऱ्यांच्या त्या दाताला खाच पडते. कवळी असेल किंवा पुढच्या दातांना कॅप असेल तर हा छंद सोडा, मगज खा.

मगज म्हणजे वाण्याकडे मिळणारी सोललेली पांढरी बी. मिठाईवाल्यांकडच्या ‘चार मगज’मध्ये कलिंगडाबरोबर खरबूज, काकडी आणि भोपळ्याची असते. राजस्थानात मतिऱ्याची, म्हणजे तिकडच्या वाळवंटी कलिंगडाची, बी यासाठी मुद्दाम काढतात. घरी सोलायचं असेल तर भाजलेली बी जाड फडक्यात घालून वरून लाटणं फिरवा आणि सुपात पाखडा. निम्मा गर फुटतो. मी एकदा दुपारभर बसून वाटीभर मगज काढला, पुन्हा त्या फंदात पडले नाही.

पौष्टिकतेसाठी खायचं असेल तर मगजच घ्या. 100 ग्रॅम सुक्या गरात साधारण 28 ग्रॅम प्रथिनं, 47 ग्रॅम स्निग्धांश आणि 515 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, शिवाय जस्त आणि लोहही चांगलं. पण त्याच 100 ग्रॅमला 557 कॅलरी आहेत, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. दिवसाला दोन मोठे चमचे पुरे. तेल जास्त म्हणून बाहेर ठेवलं की खवट होतं, फ्रीजमध्ये ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर. बियांचा काढा पिऊन मुतखडा विरघळतो असं फिरवतात, त्यावर विसंबू नका.

काजूच्या मुलखात मगज कोण खाणार, असं माझी जाऊ म्हणते. पण काजूचे भाव बघा, आणि कितीतरी हॉटेलांच्या पांढऱ्या रश्श्यात काजूसोबत काय वाटलेलं असतं तेही विचारा. घरी मी सुकी चटणी करते. मगज अर्धी वाटी, सुकं खोबरं पाव वाटी, लसणीच्या पाच पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, एक सोल. सगळं वेगवेगळं भाजून जाडसर कुटायचं. सोल कडक वाळलेलं हवं, नाहीतर चटणीचा गोळा होतो.

तुमच्या मनात येईल, आपल्या आज्यांनी या बिया का नाही खाल्ल्या? फणसाची भिकणां, म्हणजे आठळ्या, मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवणारी माणसं ती, बी टाकणारी नव्हेत. मला वाटतं, आपल्याकडे कलिंगडाची बी खायची वस्तू नव्हती, ती पेरायची होती. मनोहर पर्रीकर त्यांच्या पर्रा गावची गोष्ट सांगायचे. हंगामाच्या शेवटी शेतकरी मुलांना उत्तमातली उत्तम कलिंगडं हवी तेवढी फुकट खाऊ द्यायचा. अट एकच, बी चावायची नाही, भांड्यात थुंकायची. पुढच्या वर्षीचं बियाणं त्यातून निघायचं. पुढची पिढी मोठी फळं बाजारात विकू लागली, मुलांना लहान देऊ लागली, आणि काही वर्षांत ते वाणच खालावलं. पूर्वी जगात मात्र उलटं होतं. लिबियात सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या, त्यांच्या तपासणीवरून संशोधकांचा अंदाज असा की ते फळ कडू होतं आणि माणसं ते फळ खाण्यासाठी नव्हे, बियांसाठी जमवत असावीत. नायजेरियात ‘एगुसी’ नावाच्या कलिंगडाच्या भाऊबंदाची बी आजही वाटून रश्श्यात घालतात.

पेरण्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट बजावते. शेती दुकानातली पाकिटातली बी कधीही खाऊ नका, भाजूनही नाही. तिला बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणून ती गुलाबी, हिरवी किंवा निळी दिसते. घरात असं उघडं पाकीट असेल तर मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

आणि नातवाचं. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खी बी किंवा अख्खा मगजही देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो. लाडवात किंवा थालीपिठात पूड करून घाला. तुमचा सहा वर्षांचा आहे, त्याला सासूबाईंच्या शेजारी बसवून फोडायला शिकवा, पळता-खेळताना नाही. आगळाची आधी देऊ नका, तिरफळ त्याला नको वाटेल. साधी खारी द्या. दहा बिया फोडायला त्याला अर्धा तास लागेल, आणि टरफलं मोजून वाटीत पडली की नाही हे सासूबाई बघतीलच.